अश्रूंचा जमाखर्च : किशोरवयीन मुलांनी ‘द फॉल्ट इन आवर स्टार्स’ पाहावा का?

उन्हाळ्याच्या सुट्टीतील गोष्ट. सांगलीतील एका एकत्र कुटुंबात सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले होते आणि मंडळी ओसरीवर बसली होती. नववीत जाणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीने एक चित्रपट पाहण्याची परवानगी मागितली. वर्गातील बहुतेक मैत्रिणींनी तो पाहिला होता. आईने विचारले, “प्रेमाबिमाचा आहे का गं?” वडील म्हणाले, “त्यात कॅन्सर आहे म्हणे. सुट्टीत रडत बसायचं कशाला?” आजींनी विचारले, “शेवट तरी गोड आहे का?” मुलीने तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरे दिली : प्रेमाचा आहे, कॅन्सर आहे, शेवट गोड नाही. परवानगी अर्थातच मिळाली नाही.

त्याच घरात त्या दिवसांत आणखी एक गोष्ट चालू होती. मुलीची काकू दोन महिन्यांपासून उपचारांसाठी मुंबईला होती. “पोटाचं दुखणं आहे, बरं होईल,” एवढेच मुलांना सांगितले गेले होते. काकांचा फोन आला की मोठी माणसे गच्चीवर जात आणि मुले जवळ आली की विषय बदलत. त्या आजाराचे नाव घरात कोणी उच्चारत नसे. मुलीने मागितलेली परवानगी आणि काकूचे आजारपण यांचा काही संबंध असू शकेल, असे त्या संध्याकाळी कोणाच्याही मनात आले नाही.

मुलांनी कोणता चित्रपट पाहावा आणि कोणता पाहू नये, हा प्रश्न आज प्रत्येक घरात आहे. पूर्वी चित्रपटगृहाच्या दारावर वडीलधाऱ्यांचा पहारा असे. आता चित्रपट मुलांच्या तळहातावर आला आहे. केवळ ‘नाही’ म्हटल्याने प्रश्न सुटत नाही, तो दाराआड जातो. म्हणून एखाद्या चित्रपटाची खऱ्या अर्थाने पारख कशी करावी, हे पालकांनी शिकून घेणे आवश्यक झाले आहे. त्यासाठी हाच चित्रपट उदाहरण म्हणून घेणे सोयीचे ठरेल.

अमेरिकेतील लेखक जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन आवर स्टार्स’ ही कादंबरी जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखक होण्यापूर्वी ग्रीन यांनी काही महिने एका बालरुग्णालयात आजारी मुलांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना धीर देण्याचे काम केले होते. तेथे पाहिलेले दुःख त्यांच्या मनात अनेक वर्षे राहिले. कादंबरी त्यांनी एस्थर अर्ल या मुलीच्या स्मृतीस अर्पण केली आहे. ही मुलगी २०१० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी थायरॉइडच्या कर्करोगाने गेली. कादंबरीवरून जॉश बून यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट ६ जून २०१४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे १२ दशलक्ष डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात ३०० दशलक्ष डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. त्यात युद्ध नाही, पाठलाग नाही, चमत्कार नाही. दोन आजारी मुलांची कथा पाहावयास इतके प्रेक्षक लोटले, याचा अर्थ किशोरवयीन मुलांना त्यात स्वतःचे काहीतरी सापडले असले पाहिजे.

कथा अशी आहे. इंडियानापोलिस शहरातील हेझल ही मुलगी तेरा वर्षांची असल्यापासून थायरॉइडच्या कर्करोगाशी झुंजते आहे. रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे नाकात नळी आणि सोबत ऑक्सिजनची टाकी घेऊनच तिला वावरावे लागते. आईच्या आग्रहावरून ती चर्चमध्ये भरणाऱ्या रुग्णमुलांच्या एका बैठकीला जाऊ लागते. तेथे तिला ऑगस्टस भेटतो. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा एक पाय काढावा लागलेला आहे. त्याचा मित्र आयझॅक याला डोळ्याचा कर्करोग आहे आणि लवकरच त्याची दृष्टी पूर्णपणे जाणार आहे. हेझलला एक कादंबरी अतिशय प्रिय आहे. ती मध्येच संपते, आणि पुढे त्यातील माणसांचे काय होते हे तिला जाणून घ्यायचे आहे. त्या कादंबरीचा लेखक अ‍ॅमस्टरडॅमला राहतो. आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या एका संस्थेच्या मदतीने दोघे हेझलच्या आईसह तेथे जातात. लेखक मद्यपी आणि कठोर निघतो. त्याच प्रवासात ऑगस्टस सांगतो की त्याचा रोग उलटला आहे आणि सर्व शरीरात पसरला आहे. पुढे तो जातो. हेझल मागे राहते.

रडविणारे प्रेमपट ही काही आजच्या पिढीची नवलाई नव्हे. आज आजी-आजोबा असलेली पिढी १९७० च्या ‘लव्ह स्टोरी’ने रडली आहे. १९७१ मध्ये हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ने घराघरांतील मंडळींना रडविले. आपल्याला थोडेच महिने उरले आहेत हे ठाऊक असलेला आनंद इतरांना हसवीत राहतो. १९७८ मध्ये राजश्री प्रॉडक्शन्सचा ‘अँखियों के झरोखों से’ आला. महाराष्ट्राचा लाडका सचिन आणि रंजिता हे त्यातील महाविद्यालयीन नायक-नायिका, आणि संगीतकार रवींद्र जैन. त्यातील नायिकेला रक्ताचा कर्करोग होतो. त्या काळातील किती मुलींनी तो चित्रपट पदराने डोळे पुसत पाहिला, हे त्यांच्या आजच्या नातींना ठाऊक नसते. ज्यांनी स्वतः असे अश्रू ढाळले त्यांनी नातवंडांच्या अश्रूंना केवळ ‘फालतूपणा’ म्हणून झिडकारणे न्याय्य होणार नाही.

तथापि अश्रू आले म्हणजे चित्रपट चांगला, असेही म्हणता येणार नाही. कांदा चिरतानाही डोळ्यांत पाणी येते. चित्रपटाने ते कशासाठी आणले आणि त्या बदल्यात मुलांच्या पदरात काय टाकले, हे पाहावयास हवे. बँकेच्या खातेवहीप्रमाणे येथेही नावेची आणि जमेची अशा दोन्ही बाजू मांडून मगच शिल्लक काढावी.

प्रथम नावेची बाजू. अ‍ॅमस्टरडॅममधील एका रात्री दोघांच्या शारीरिक जवळिकीचा प्रसंग आहे. तो उत्तान नाही आणि लांबही नाही. परंतु कथेत तो इतक्या सहजतेने येतो की त्यामागील जबाबदारी, संमती, परिणाम यांचा विचार चित्रपट करीत नाही. मृत्यू जवळ असल्याने सर्व काही क्षम्य, असा समज अपरिपक्व मनात रुजू शकतो. तेथील एका उपाहारगृहात या दोन्ही मुलांना शॅम्पेन दिली जाते आणि तो क्षण अत्यंत काव्यमय करून दाखविला आहे. ऑगस्टस ओठांत न पेटविलेली सिगारेट धरतो. आपल्याला मारू शकणारी वस्तू तोंडात धरायची, पण तिला मारण्याची शक्ती द्यायची नाही, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. पडद्यावर ते रुबाबदार दिसते. चौदा वर्षांच्या मुलाला त्यातील तत्त्वज्ञानापेक्षा रुबाबच अधिक लक्षात राहण्याची शक्यता आहे.

आयझॅकच्या शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची मैत्रीण त्याला सोडून जाते. त्यानंतर तिघे मिळून तिच्या गाडीवर अंडी फेकतात आणि चित्रपटगृहात हशा पिकतो. दुखावलेल्या माणसाने सूड घ्यावा आणि मित्रांनी त्याला साथ द्यावी, हे विनोद म्हणून स्वीकारण्याजोगे नाही. भीतीपोटी पळून गेलेली ती मुलगीही वयाने लहानच आहे, हे चित्रपट विसरतो.

अ‍ॅन फ्रँकच्या घरातील प्रसंगावरही अनेकांनी आक्षेप घेतला. नाझींच्या भीतीने १९४२ ते १९४४ अशी दोन वर्षे ज्या घरात अ‍ॅन आपल्या कुटुंबासह लपून राहिली, ते अ‍ॅमस्टरडॅममधील घर आज संग्रहालय आहे. पकडली गेल्यानंतर १९४५ च्या प्रारंभी, अवघ्या पंधराव्या वर्षी ती छळछावणीत मरण पावली. त्या घराचे अरुंद, उभे जिने हेझल धापा टाकीत चढते, ऑक्सिजनसह चढते, हे दृश्य प्रभावी आहे. पण वर पोहोचल्यावर दोघांचे चुंबन आणि भोवतीच्या पर्यटकांच्या टाळ्या, हे त्या स्थळाच्या गांभीर्याशी विसंगत वाटते. लाखोंच्या संहाराची आठवण जपणारी जागा येथे दोघांच्या प्रेमाची पार्श्वभूमी होऊन बसते. मुलांसोबत चित्रपट पाहताना या ठिकाणी थांबून अ‍ॅन फ्रँक कोण होती, हे सांगणे अगत्याचे आहे.

आणखी दोन तपशील सांगितले पाहिजेत. हेझलचे आयुष्य ज्या नव्या औषधामुळे वाढलेले दाखविले आहे, ते औषध काल्पनिक आहे. लेखकाने ते स्वतःच मान्य केले आहे. घरात रुग्ण असेल तर मुलांना हे आधी सांगावे, म्हणजे ‘ते औषध आपणही का आणत नाही?’ हा केविलवाणा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहणार नाही. दुसरा तपशील गणिताचा. शून्य ते एक यांमधील अनंत संख्यांपेक्षा शून्य ते दोन यांमधील अनंत मोठा, असे हेझल म्हणते. भावना म्हणून ते सुंदर आहे, गणित म्हणून चूक आहे. काही अनंत इतरांपेक्षा मोठे असतात हे जर्मन गणितज्ञ कँटर यांनी सिद्ध केले हे खरे, पण हे दोन अनंत सारखेच आहेत. दहावीच्या मुलांशी यावर बोलण्यात एक संध्याकाळ आनंदात जाऊ शकते.

आता जमेची बाजू. हा चित्रपट आजाराबाबत खोटे बोलत नाही. प्रेमामुळे रोग बरा होत नाही, अखेरच्या क्षणी परदेशातून डॉक्टर धावत येत नाही. एका रात्री ऑगस्टस कोणाला न सांगता गाडी घेऊन बाहेर पडतो. आपण अजून स्वतःची कामे स्वतः करू शकतो हे त्याला स्वतःलाच पटवून द्यायचे असते. पेट्रोल पंपापाशी त्याच्या पोटातील नळीच्या जागी संसर्ग झालेला असतो, त्याला उलट्या होतात, तो असहायपणे रडतो आणि रुग्णवाहिका बोलावू नकोस म्हणून हेझलची विनवणी करतो. ती रुग्णवाहिका बोलावतेच. एरवी देखणा आणि हजरजबाबी असलेला नायक येथे एक घाबरलेले मूल होऊन जातो. आजारी माणूस चिडतो, लाजतो, परावलंबी होण्यास भितो, हे मुलांना समजण्यासाठी हा एक प्रसंग पुरेसा आहे. मित्राचे ऐकायचे कधी आणि त्याच्या हितासाठी त्याचे न ऐकता मोठ्यांना बोलवायचे कधी, हेही त्यातून कळते.

जमेची सर्वांत मोठी रक्कम मात्र हेझलच्या आईवडिलांच्या खात्यावर आहे. हिंदी प्रेमपटांत आईवडील बहुधा प्रेमाचे शत्रू असतात किंवा ते पडद्यावर नसतातच. येथे आई प्रत्येक रात्री सावध झोपते, मुलीने हाक मारताच धावत येते. हेझल एकदा अतिदक्षता विभागात मरणासन्न होती. त्या वेळी आई रडत वडिलांना म्हणाली होती की यापुढे ती आई राहणार नाही. मुलगी बेशुद्ध आहे, असे तिला वाटले होते. मुलीने ते ऐकले होते. ते वाक्य ती अनेक वर्षे मनात घेऊन वावरते. आपण गेल्यावर आईच्या जीवनात काहीच उरणार नाही, ही भीती तिला स्वतःच्या मरणापेक्षा मोठी वाटते. एके दिवशी वादावादीत हे सारे बाहेर पडते. तेव्हा आई सांगते की ती समाजसेवेचे शिक्षण घेते आहे, अशाच संकटातील इतर कुटुंबांना पुढे मदत करता यावी म्हणून. तिने ते लपविले होते, कारण मुलीला ते आपल्या मरणाची तयारी वाटेल अशी तिला धास्ती होती. प्रत्यक्षात मुलीला अपार आनंद होतो.

मोठी माणसे मुलांना जपण्यासाठी गप्प बसतात, मुले मोठ्यांना जपण्यासाठी गप्प बसतात, आणि दोघेही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकटे रडत असतात. चित्रपटातील हा प्रसंग म्हणजे ती भिंत पडण्याचा क्षण आहे.

मराठी रसिकांना येथे २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘श्वास’ची आठवण होईल. संदीप सावंत यांच्या त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. कोकणातील लहानग्या परशुरामला आयझॅकप्रमाणेच डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे त्या मुलाला सांगायचे कोणी आणि कसे, हा त्यातील आजोबांपुढचा पेच आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतात आणि जे जे दाखविता येईल ते डोळेभरून दाखवितात. तेथे प्रेमकथा नाही, म्हणून तो चित्रपट मुलांनी पाहावा की नाही, असा प्रश्न कोणत्याही घरात उठला नाही. वास्तविक दोन्ही चित्रपटांतील दुःख एकाच जातीचे आहे. आपल्याला धाक वाटतो तो प्रेमाचा, मरणाचा नव्हे, असा याचा अर्थ होतो का, याचा पालकांनी स्वतःशी विचार करावा.

मरणाचा विषय मुलांपुढे नको, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच पाठशाळा आठवाव्यात. तेथे लहान मुले बारा भावना म्हणतात. त्यांतील पहिली अनित्य आणि दुसरी अशरण. शरीर, संपत्ती, आप्त टिकणारे नाहीत आणि मरणापासून कोणी कोणाला वाचवू शकत नाही, हे वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी आपण त्यांच्याकडून पाठ करून घेतो. पाठ झालेल्या शब्दांचा अर्थ जेव्हा आयुष्यात समोर येतो, तेव्हा मात्र मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवितो. चित्रपट वैराग्य शिकवीत नाही, ती त्याच्याकडून अपेक्षाही नाही. त्याचा ओढा आसक्तीकडेच आहे. आपण विस्मृतीत जाऊ याचे ऑगस्टसला भय वाटते. जग आपल्याला लक्षात ठेवील काय, या प्रश्नाने तो व्याकूळ होतो. सर्वच विस्मृतीत जाणार आहे, असे हेझल त्याला स्पष्टपणे सांगते, आणि पुढे असे सुचविते की मोजक्या माणसांनी मनापासून प्रेम करणे थोडे नव्हे. येथवर चित्रपट येऊन थांबतो. त्यापुढील वाट दाखविणे हे घराचे आणि पाठशाळेचे काम आहे. त्यासाठी मुलांचे मन ओले असते तो क्षण दवडू नये.

याच कादंबरीवर आधारित ‘दिल बेचारा’ हा हिंदी चित्रपट मुकेश छाब्रा यांनी दिग्दर्शित केला. कथा जमशेदपूरला आली, अ‍ॅमस्टरडॅमच्या जागी पॅरिस आले, कादंबरीकाराच्या जागी एक संगीतकार आला. भाषा आणि वातावरण ओळखीचे असल्यामुळे अनेक पालकांना हा चित्रपट अधिक सोयीचा वाटतो. मात्र त्याबाबत एका गोष्टीचे भान ठेवावे लागेल. नायक सुशांतसिंह राजपूत याचा मृत्यू १४ जून २०२० रोजी झाला आणि चित्रपट २४ जुलै रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, चित्रपटगृहे बंद असताना थेट मोबाइल आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यांवर आला. लक्षावधी मुलांनी तो टाळेबंदीत, घरात कोंडलेल्या अवस्थेत, अनेकदा एकट्याने पाहिला. पडद्यावर मरणारा तरुण प्रत्यक्षातही गेलेला होता. कथा कोठे संपते आणि वास्तव कोठे सुरू होते, हे वेगळे करणे मोठ्यांनाही कठीण गेले. ज्या अश्रूंना वाट करून देण्यास शेजारी कोणी नव्हते, ते किती मुलांच्या मनात साचून राहिले असतील, हे सांगता येणार नाही. तो चित्रपट आज पाहणाऱ्या मुलांनाही ती पार्श्वभूमी ठाऊक असते. म्हणून तो तरी एकट्याने पाहू देऊ नये.

चित्रपटाला मिळालेल्या प्रमाणपत्राचा आधार घ्यावा काय? अवश्य घ्यावा, पण त्याची मर्यादा ओळखून. अमेरिकेत ‘द फॉल्ट इन आवर स्टार्स’ला ‘पीजी-१३’ दर्जा मिळाला. तेरा वर्षांखालील मुलांसाठी काही भाग अनुचित ठरू शकेल, असा इशारा त्यात असतो. आपल्याकडे ऑनलाइन माध्यमांसाठी २०२१ च्या नियमांनी आणि चित्रपटांसाठी २०२४ च्या नियमांनी ‘यूए’ वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. ऑनलाइन माध्यमांवर १३+ आणि त्यापुढील आशयासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणेही बंधनकारक आहे. ही व्यवस्था चांगली आहे आणि पालकांनी ती वापरण्यास शिकावे. तथापि प्रमाणपत्र चित्रपटात काय आहे ते सांगते. पाहणाऱ्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे कोणत्याही मंडळाला ठाऊक असू शकत नाही. ते जाणणे घराच्या हाती आहे.

सांगलीच्या त्या घरात पुढे काय झाले, ते येथे सांगणे उचित होईल. वडिलांना स्वतःच्याच नकाराची रुखरुख लागली. न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल आपण निकाल दिला, हे त्यांना पटेना. एका रात्री सर्व झोपल्यावर त्यांनी तो एकट्याने पाहिला. रविवारी दुपारी त्यांनी मुलीला आणि पत्नीला बोलावले आणि तिघांनी तो मिळून पाहिला. आजी मधूनमधून येऊन बसत होत्या. अ‍ॅमस्टरडॅमचा तो प्रसंग आला तेव्हा घरात थोडी शांतता पसरली. वडिलांनी तो पुढे सरकविला नाही. आई एवढेच म्हणाली, “यावर आपण नंतर बोलू हं.” आणि त्या रात्री ती मुलीशी खरोखरच बोलली.

अतिदक्षता विभागातील प्रसंगानंतर मुलीने रिमोट हातात घेऊन चित्रपट थांबविला. पडद्याकडे पाहतच तिने विचारले, “आई, काकूलाही हेच झालंय ना?”

कोणी काही बोलले नाही. मग आई म्हणाली, “हो.”

“मला माहीत होतं. गच्चीवरचं बोलणं खाली माझ्या खिडकीत ऐकू येतं.”

“मग विचारलं का नाहीस, बाळा?”

“तुम्ही सगळे रडाल म्हणून.”

आजी उठून नातीजवळ जाऊन बसल्या. उरलेला चित्रपट त्या दिवशी पाहिला गेला नाही. तो पुढच्या रविवारी पूर्ण झाला. मधल्या आठवड्यात मुलीने काकूला स्वतः फोन केला. आजाराबद्दल दोघी दोन मिनिटेच बोलल्या. उरलेला अर्धा तास शाळा, मैत्रिणी आणि यंदाच्या कैरीच्या पन्ह्याबद्दल बोलण्यात गेला. फोन ठेवताना काकूने जावेला सांगितले, “वहिनी, दोन महिन्यांत माझ्याशी नेहमीसारखं बोललेली ही पहिलीच.”

या अनुभवातून आणि चित्रपटाच्या गुणदोषांतून काही व्यवहार्य सूचना करता येतील. बारा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवू नये. त्यातील प्रेम त्यांना कळणार नाही आणि मरण झेपणार नाही. तेरा ते पंधरा या वयात तो पालकांसह पाहावा, आणि पालकांनी तो आधी स्वतः पाहिलेला असावा. सोळा वर्षांवरील मुलांनी मित्रमैत्रिणींबरोबर पाहण्यास हरकत नाही, पण घरी आल्यावर ‘कसा होता?’ एवढेच न विचारता ‘कोणाचे वागणे पटले आणि कोणाचे नाही?’ असे विचारावे. शॅम्पेन, सिगारेट आणि गाडीवरील अंडी यांबद्दल उपदेश करण्यापूर्वी मुलांचे मत ऐकावे. बहुधा ते पालकांच्या अपेक्षेपेक्षा समंजस निघते.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर काही महिने थांबावे. घरात गंभीर आजारी माणूस असेल, तर चित्रपटाआधी मुलांना त्यांच्या वयाला पेलेल अशा शब्दांत आजाराचे नाव सांगावे. ते काम चित्रपटावर सोपवू नये. चित्रपट पाहून अश्रू येणे स्वाभाविक आहे, दोन दिवस मन हळवे राहणेही स्वाभाविक आहे. परंतु मूल आठवडाभर जेवत नसेल, झोपत नसेल, एकटे राहू लागले असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले असेल, तर ते चित्रपटाचे खूळ समजून दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांना भेटावे. केंद्र शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

सर्व रकमा मांडल्यावर ‘द फॉल्ट इन आवर स्टार्स’च्या खात्यावर शिल्लक जमेचीच राहते, मात्र एका अटीवर : तो पाहताना मुलाच्या शेजारी कोणीतरी आपले माणूस बसलेले असावे. आईने, वडिलांनी आणि आजींनी त्या संध्याकाळी विचारलेले तिन्ही प्रश्न चुकीचे नव्हते. परंतु मुलीला ‘हा चित्रपट तुला का पाहायचा आहे?’ असे विचारण्याचे राहून गेले होते. परवानगी देण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी प्रत्येक घरात आधी तेवढे विचारले जावे.